‘कार्य’ कोणाचे? धातू आणि बहुवारिके यांच्या अब्जांश पदार्थांच्या परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. शब्द संस्कृतातून घडवावा, की इंग्रजीतून जसाच्या तसा घ्यावा? हा प्रश्न क्षुल्लक नाही; परंतु तो पहिला प्रश्नही नव्हे. शब्द कोठून आला यापेक्षा तो वाक्यात कोणते काम करतो, आणि जे सांगावयाचे ते सांगतो की झाकतो, हे आधी पाहावयास हवे. सुघटित संस्कृत शब्दही वाचकाची दिशाभूल करू शकतो आणि ओबडधोबड परका शब्दही निर्दोष ठरू शकतो.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित क्षेत्रातील शब्दांची या दृष्टीने तपासणी करावयाची आहे. धातूंचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्याशी निगडित असलेली बहुवारिके यांपासून काही विशिष्ट उपयोगासाठी जे पदार्थ तयार केले जातात, ते या लेखाचे क्षेत्र होय. अशा पदार्थांना ‘कार्यात्मक’ अथवा ‘कार्यशील’ असे विशेषण लावण्याची रीत आता मराठी लेखनातही रुळत आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान. रसायनशास्त्रातील प्रयोगांचा निवाडा करण्याचा अधिकार तो सांगू इच्छीत नाही. तथापि प्रयोग हा अखेरीस वाक्यांतूनच सांगितला जातो, आणि वाक्यांची परीक्षा आमच्या विषयाच्या कक्षेत येते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. या क्षेत्रातील प्रचलित नावे धातूला एकट्यालाच कर्तेपण देतात, त्याच्या भोवतीच्या बहुवारिकाला दृष्टिआड करतात, आणि ‘कार्य’ हा पदार्थाला चिकटलेला गुणधर्म आहे असे भासवितात. वस्तुतः कार्य हा पदार्थ, परिस्थिती आणि उपयोग करणारा यांच्यातील संबंध आहे. संबंध सांगण्याचे भाषेतील स्वाभाविक साधन विशेषण नव्हे, क्रियापद होय.

२

प्रथम मापावरून पडलेल्या नावाचा विचार करू. ‘नॅनो’ हा उपसर्ग ‘बुटका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने १९६० मध्ये त्याला एक-अब्जांश हा नेमका अर्थ दिला. १९७४ मध्ये जपानी अभियंता नोरिओ तानिगुची यांनी त्यापासून एका तंत्राचे नाव बनविले. मराठीत त्या नावासाठी ‘अब्जांश तंत्रज्ञान’ ही संज्ञा आली व मराठी विश्वकोशानेही ती स्वीकारली. क्षेत्राचे नाव म्हणून ती सुबोध आहे. अडचण उत्पन्न होते ती हेच पद पदार्थाच्या नावात आणले असता.

‘अब्जांश कण’ या समासाचा विग्रह कसा करावयाचा? कशाचा अंश? मीटर हा शब्द समासातून गळलेला आहे, आणि त्यामुळे कण हाच कोणत्यातरी वस्तूचा अब्जावा भाग आहे असे वाचकास वाटू शकते. शिवाय या क्षेत्राची रूढ मर्यादा सुमारे १ ते १०० नॅनोमीटर अशी आहे. १०० नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक कोटीवा भाग. तेव्हा या पल्ल्याच्या वरच्या टोकाचा कण नावाने अब्जांश असला, तरी मापाने कोट्यंश असतो. १० नॅनोमीटर व १०० नॅनोमीटर व्यासाच्या दोन गोल कणांच्या आकारमानांत हजारपटीचे अंतर असते. नाव मात्र दोहोंना एकच. ‘नॅनोकण’ या शब्दातही हा दोष आहेच. पण तो शब्द मराठी वाचकाला अपारदर्शक असल्यामुळे निदान खोटा विग्रह सुचवीत नाही. पारदर्शक संज्ञेची जबाबदारी अधिक असते.

याच ठिकाणी आणखी एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा अणू, आणि अनेक अणू मिळून होतो तो ‘रेणू’. हिंदी परिभाषेत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात व दुसऱ्यास ‘अणु’. म्हणजे एकच तत्सम शब्द दोन शेजारी भाषांत दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभा आहे. दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सोन्याच्या ५५ अणूंचा गुच्छ’ या शब्दांनी थबकावे लागते. बहुवारिकाची गोष्ट मात्र निराळी आहे. हिंदीतील ‘बहुलक’ केवळ बाहुल्य सांगतो. मराठीतील ‘बहुवारिक’ ‘वार’ या शब्दामुळे खेप सांगतो. तोच घटक पुनःपुन्हा जोडला जातो, ही या पदार्थांची रचना त्यात स्पष्ट होते. बर्झेलियसने १८३३ च्या सुमारास मूळ पाश्चात्त्य संज्ञा योजली, तेव्हा तिचा अर्थ आजचा नव्हता. लांबच लांब साखळीची कल्पना हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० पासून मांडली, आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी संज्ञा नंतर घडली, म्हणून ती स्टाउडिंगरचा अर्थ नेमका पकडू शकली.

३

आता नावात जे अजिबात येत नाही त्याकडे वळू. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोने व प्रकाश यांच्या परस्परसंबंधांवर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षाराच्या विरल विद्रावावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मिळविला, आणि हा रंग अतिसूक्ष्म रूपातील धातुरूप सोन्याचाच आहे, असे प्रतिपादन केले. त्या द्रवात मीठ घातले की तो निळसर होई व पुढे सोने तळाशी बसे. परंतु थोडे जिलेटिन आधी घातलेले असेल, तर मिठाचा हा परिणाम टळे.

जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून मिळणारा, सरसाच्या जातीचा पदार्थ. आजच्या परिभाषेत एक नैसर्गिक बहुवारिक. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, टॉमस ग्रॅहम यांनी अशा द्रवांच्या वर्गाला जे नाव दिले, तेही ग्रीक भाषेतील सरसाच्या शब्दावरूनच. मराठीतील ‘कलिल’ ही संज्ञा मूळ नावाशी ध्वनीने जुळते आणि ‘मिसळलेले, दाट’ हा संस्कृत अर्थही देते. पण सरस तेवढा तिच्यातून निसटला. ही हानी लहान दिसते, परंतु सूचक आहे. ज्या पदार्थाने कण टिकून राहतो, त्याचीच आठवण नावातून पुसली गेली.

रिचर्ड झिग्मोंडी यांनी हा टिकाऊपणा मोजण्याची रीत १९०१ मध्ये दिली. सोन्याच्या लाल कलिलाच्या १० घनसेंटीमीटरमध्ये मिठाच्या १० टक्के विद्रावाचा १ घनसेंटीमीटर घातला असता रंग पालटू नये, यासाठी संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, ती संख्या म्हणजे त्या पदार्थाचा ‘सुवर्णांक’. जिलेटिनचा सुवर्णांक मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. येथे नामकरणाचा चमत्कार पाहावा. मोजले जाते ते बहुवारिकाचे सामर्थ्य, आणि अंकाला नाव मिळते ते सोन्याचे.

हे ज्ञान कारागिरांना नवे नव्हते. आपल्याकडील हस्तलिखितांची काळी शाई काजळ व डिंक घोटून करीत. डिंक नसता काजळ पाण्यात पसरून राहिले नसते. येथे कण कार्बनचे आहेत, धातूचे नव्हेत. परंतु तत्त्व तेच आहे. शाई करणाराला डिंक विसरून चालत नसे, कारण तो त्याला स्वतः मोजून घालावा लागे. आजच्या नावांत मात्र त्याला जागा नाही.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला येथे एक साम्य दिसेल. ‘धातू’ हा शब्द आपल्या शास्त्रातही आहे. क्रियावाचक धातू प्रत्ययाशिवाय वाक्यात येत नाही. प्रत्यय लागल्यावरच त्याचे पद होते. द्रवात टिकून राहणारा धातूचा कणही तसाच उघडा राहू शकत नाही. भोवतालचे काही ना काही त्याला चिकटलेले असतेच. या साम्यापलीकडे दोन्ही शास्त्रांचा संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. परंतु केवळ ‘सुवर्णकण’ म्हणणे हे पदाऐवजी नुसता धातू लिहिण्यासारखे अपुरे आहे, एवढे निश्चित.

अपुरेपणाचे कारण संख्येनेही दाखविता येते. सोन्याचे ५५ अणू घनदाट व सममित रीतीने रचले, तर त्यांतील ४२ पृष्ठभागावर येतात आणि केवळ १३ आत राहतात. असा कण म्हणजे मुख्यतः पृष्ठभागच होय, आणि पृष्ठभाग ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती कणाचे वर्तन. मराठीत हलक्या धातूवर सोन्याचे पाणी चढविले की ‘मुलामा’ म्हणतात व तो फसवा समजतात. येथे उलट स्थिती आहे. सोने आत आहे, स्वस्त पदार्थाचे पुट बाहेर आहे, आणि जगाशी व्यवहार होतो तो बहुतांशी पुटाच्या द्वारे.

४

नावांनंतर भूमिकादर्शक संज्ञा. ‘क्षपणक’, ‘स्थिरक’, ‘आच्छादक’, ‘विद्रावक’ अशा शब्दांची यादी प्रयोगाच्या वर्णनात येते, आणि प्रत्येक शब्दापुढे एका द्रव्याचे नाव लिहिले जाते. यामुळे प्रत्येक द्रव्य एक आणि त्याचे काम एक, असा समज होतो. कारकविचार शिकलेल्या वाचकास हे रुचणार नाही. कर्ता, करण, अधिकरण ही वस्तूंची नावे नव्हेत. क्रियेच्या संदर्भात वस्तूला येणारी नाती आहेत.

टर्केविच व त्यांचे सहकारी यांनी १९५१ मध्ये सोन्याच्या कणांची जी कृती दिली, ती आजही विद्यार्थ्यांना शिकविली जाते. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या विद्रावात सोडियम सायट्रेट घालावयाचे. सायट्रेट सोन्याचे क्षपण करते. तयार झालेल्या कणाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला साकळू देत नाही. शिवाय विद्रावाची आम्लताही नियंत्रित करते. एकाच द्रव्याची ही तीन नाती. १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचे माप बदलता येते हे दाखविले. प्रमाण कमी केले की कण मोठे होतात. आता येथे सायट्रेटला ‘क्षपणक’ म्हणावे की ‘स्थिरक’? दोन्ही उत्तरे बरोबर, आणि दोन्ही अपुरी.

बहुवारिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक ठळक होतो. १९९६ मध्ये अमेरिकेतील एल्-सय्यद यांच्या गटाने दाखविले की, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट व प्लॅटिनमचा क्षार यांचे गुणोत्तर बदलले असता प्लॅटिनमच्या कणांचा आकार बदलतो. कधी घन, तर कधी चतुष्फलक यांचे प्राबल्य दिसते. २००२ मध्ये सुन आणि शिया यांनी एथिलीन ग्लायकॉलमध्ये चांदीच्या क्षाराचे क्षपण करून चांदीचे नेटके घन मिळविले. त्यात पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे बहुवारिक होते. चांदीच्या स्फटिकाच्या काही पृष्ठांना ते इतरांहून अधिक घट्ट चिकटते, त्या पृष्ठांची वाढ मंदावते, आणि घन आकार उरतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे असेही आढळले की, या बहुवारिकाच्या साखळीच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट स्वतःच सौम्य क्षपण करू शकतो. एथिलीन ग्लायकॉल एकाच वेळी क्रियेचे अधिकरण आहे व करणही आहे. बहुवारिक रक्षण करते, आकार देते, प्रसंगी क्षपणही करते. अशा द्रव्याला ‘आच्छादक’ एवढेच म्हणणे म्हणजे कुंभाराच्या हाताला मडक्याचे झाकण म्हणण्यासारखे आहे.

यास्तव भूमिका नामाने न सांगता क्रियापदाने सांगावी. मराठीची याबाबत एक अनुकूलता आहे. ‘घडणे–घडविणे’, ‘साकळणे–साकळविणे’ अशा जोड्या भाषेत सिद्ध आहेत. ‘कण तयार झाले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. पण ते कोणी, कशाने, किती वेळात हे विचारण्याची वाचकाची वाटच बंद करते. प्रयोजक रूप वापरले की कर्ता व करण यांची आकांक्षा उत्पन्न होते, आणि लेखकाला ती पुरी करावी लागते.

५

‘कार्यात्मक’ या विशेषणाचा विचार आता करता येईल. फॅरेडेच्या द्रवात मीठ पडून तो निळा झाला, तर ते कलिल बिघडले असे समजत. १९९६ मध्ये अमेरिकेतील मर्किन व त्यांचे सहकारी यांनी सुमारे १३ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांना डीएनएचे लहान धागे जोडले. त्यांना पूरक असा दुवा साधणारा धागा द्रवात आला की कण एकत्र येतात आणि लाल रंग पालटतो. तापविले की ते पुन्हा विलग होतात. डीएनए हेही बहुवारिकच. म्हणजे १८५७ मध्ये जो दोष होता, तोच रंगबदल १३९ वर्षांनी ओळखीची खूण ठरला. सोने तेच, कणांनी एकत्र येणे तेच. पालटला तो भोवतालचा बहुवारिक आणि प्रयोगकर्त्याचा हेतू. मग ‘कार्यात्मक’ हे विशेषण कोणाला लावावयाचे?

गर्भधारणेच्या घरगुती चाचणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघही सुवर्णकणांचीच असते. पण विशिष्ट संप्रेरकाला धरून ठेवतात ती कणांवर बसविलेली प्रतिपिंडे, म्हणजे प्रथिने. सोने केवळ दिसते. पकडणारा एक, दाखविणारा दुसरा, अशी कामाची वाटणी या पट्टीत आहे, आणि नावात ती नाही.

कधी एकाच पदार्थाची दोन कार्ये परस्परविरोधीही असतात. उत्प्रेरक म्हणून वापरावयाच्या कणावर बहुवारिकाचे पुट नसेल, तर कण साकळून पृष्ठभाग वाया जातो. पुट असेल, तर अभिक्रियेतील रेणूंना पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास अडथळा होतो. तापवून पुट जाळावे, तर कण एकमेकांत वितळून मोठे होण्याची भीती. तेव्हा ‘संरक्षक’ हा शब्द वापरताना कशापासून संरक्षण आणि कोणत्या किमतीवर, हे सांगितलेच पाहिजे.

कर्तेपणाचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो चांदीच्या बाबतीत. ‘चांदीचे नॅनोकण जीवाणू मारतात’ हे वाक्य जाहिरातीपासून प्रबंधापर्यंत सर्वत्र आढळते. टेक्सासमधील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका सामान्य आतड्यातील जीवाणूवर, ऑक्सिजनविरहित वातावरणात, पुट असलेले चांदीचे कण वापरून पाहिले. चांदीचे आयन ज्या प्रमाणात मारक ठरतात, त्याच्या हजारो पट कण असूनही जीवाणू मेले नाहीत. ऑक्सिजन मिळाला की चांदीचे ऑक्सिडीभवन होऊन आयन सुटतात, आणि मारतात ते आयन. कणाचे माप, आकार व पुट यांचा परिणाम होतो तो मुख्यतः आयन किती वेगाने सुटतात यावर, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा एका जीवाणूवरील अभ्यास आहे. सर्व परिस्थितींना तो लागू करणे घाईचे होईल. परंतु व्याकरणाचा मुद्दा त्याने पुरता सिद्ध होतो. उपरोक्त वाक्यात ‘कण’ हा कर्ता लिहिलेला आहे. प्रयोगानुसार कण हे अपादान आहे, म्हणजे जेथून आयन सुटतात ते स्थान. कापड, मलमपट्टी किंवा पाण्याची गाळणी यांत चांदी घालून पुढे तिचे अंश नदीनाल्यांत सोडावयाचे की नाही, याचा निर्णय जेव्हा अशा वाक्यांच्या आधारे होतो, तेव्हा चुकीचे कारक ही केवळ वैयाकरणाची कुरबुर राहत नाही.

६

‘हरित’ या विशेषणाचीही हीच कथा. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी गवती चहाच्या पानांच्या काढ्याने सोन्याच्या क्षाराचे क्षपण करून पातळ त्रिकोणी पट्ट्या मिळविल्या आणि ते काम ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे काम ज्या कारणाने मोलाचे आहे, ते ‘हरित’ या शब्दात नाही. क्षपण काढ्यातील शर्करा करतात. आरंभीचे गोल कण एकमेकांत मिसळून पट्ट्या होतात. आणि त्यांची ही प्रवाही वृत्ती काढ्यातील द्रव्ये पृष्ठभागाला चिकटल्यामुळे येते, अशी साखळी त्या लेखात जुळवून दाखविली आहे. म्हणजे तेथे प्रत्येक क्रियेला कर्ता शोधलेला आहे.

या पद्धतीचे अनुकरण पुढे जगभर झाले. त्यातील सामान्य प्रतीच्या लेखनात एका वनस्पतीचे नाव काढून दुसरीचे घातले जाते, आणि ‘अमुक पानांच्या रसाने चांदीचे कण तयार झाले’ एवढ्यावर वाक्य संपते. रसातील कोणते द्रव्य क्षपण करते, कोणते पुट होऊन राहते, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. दोन वनस्पतींच्या रसांतून मिळालेले कण मग एकाच नावाने एका तक्त्यात बसतात, आणि त्यांची तुलना केली जाते. ती तुलना दोन भिन्न पदार्थांची आहे हे नावावरून कळण्यास मार्ग नसतो.

७

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, हे दोष इंग्रजी लेखनातही आहेत. मराठीनेच त्यांचा भार का वाहावा? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य आहे. परंतु जी परिभाषा अद्याप घडत आहे, तिला दुसऱ्या भाषेतील जुनी सवय वारशाने घेण्याचे बंधन नाही. दुसरा आक्षेप असा की, सर्व काही नावात घातले तर नाव लांबलचक होईल. तेही खरे, पण पूर्ण नाव एकदा देऊन पुढे संक्षेप वापरण्यास कोणाची हरकत नाही. ‘पॉलिव्हिनिल पायरोलिडोनचे पुट असलेले, सुमारे ५० नॅनोमीटर बाजूचे चांदीचे घन’ हे नाव उच्चारण्यास दीर्घ आहे, परंतु त्यातील प्रत्येक शब्द तपासता येतो. ‘कार्यात्मक रजत-अब्जांशकण’ हे नाव आटोपशीर आहे, आणि त्यातील फक्त ‘रजत’ तपासता येते.

तेव्हा आमच्या सूचना अशा. ‘अब्जांश’ हे पद क्षेत्राच्या नावासाठी ठेवावे; पदार्थाचे माप अंकाने व एककाने सांगावे. नावात धातूबरोबर पुटाचा उल्लेख अवश्य असावा. पुट ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. द्रव्याची भूमिका नामाने न सांगता क्रियापदाने, आणि जितक्या भूमिका असतील तितक्या क्रियापदांनी सांगावी. ‘कार्यात्मक’ हे विशेषण शक्य तेथे वगळून, पदार्थ कोणत्या परिस्थितीत कशावर काय करतो, हे पूर्ण वाक्यात लिहावे. शब्द संस्कृत असावा की परका, हा वाद या चारही सूचनांत कोठे उद्भवत नाही, हे ध्यानात यावे.

मार्गदर्शकांना यासाठी नव्या कोशाची वाट पाहावी लागणार नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रत्येक वाक्यातील क्रियापदाला ‘कोण?’ आणि ‘कशाने?’ असे दोन प्रश्न विचारावे. उत्तर वाक्यात सापडले तर उत्तम. न सापडल्यास ते प्रयोगवहीत शोधावे. आणि तेथेही ते नसेल, तर दुरुस्ती भाषेची नव्हे, प्रयोगाची करावयाची आहे असे समजावे.